दहशतवादाच्या खटल्यातून सुटल्यावर: नकलेपासून पासपोर्टपर्यंत

कोर्ट निर्दोष ठरवतं, पण ते फक्त त्या कोर्टापुरतं. बँकेच्या, रेशन दुकानाच्या, पोलीस ठाण्याच्या आणि विमानतळाच्या नोंदींमध्ये माणूस आरोपीच राहतो, कारण निकाल आपोआप कुठेही पोचत नाही. तो हातात घेऊन टेबलाटेबलावर न्यावा लागतो. हे सगळं कोणत्या क्रमानं करायचं, कारण क्रम चुकला की वर्ष वाया जातं, हे सुटून आलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी इथे लिहिलं आहे.

सुटकेच्या आधी एक गोष्ट वकिलाकडून पक्की करून घ्या: दुसऱ्या कोणत्या खटल्यात, दुसऱ्या राज्यात वॉरंट उभं आहे का? मालेगावच्या 2006 च्या स्फोटांच्या खटल्यातून 2016 मध्ये सुरुवातीला पकडलेले आरोपी आरोपमुक्त झाले, पण त्यातले दोघे 7/11 च्या, म्हणजे मुंबईच्या लोकलमधल्या 2006 च्या बॉम्बस्फोटांच्या, खटल्यातल्या शिक्षेमुळे आतच राहिले. जुनं प्रॉडक्शन वॉरंट (कैद्याला दुसऱ्या कोर्टात हजर करण्याचा आदेश) रद्द झाल्याचा कागद तुरुंगाच्या फाइलला लागला नसेल, तर घरचे फाटकाबाहेर उभे राहतात आणि माणूस बाहेर येत नाही.

फाटकावर सही करण्याआधी सामान मोजून घ्या. झडतीत जमा झालेली घड्याळं, पाकीट, खासगी खात्यातली शिल्लक, आत काम केलं असेल तर त्याची मजुरी हे सगळं विचारा. तुरुंगाच्या दवाखान्यातले कागद आणि किती तारखेपासून किती तारखेपर्यंत आत होता याचा दाखला लेखी अर्ज देऊनच मागा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची परीक्षा आतून दिली असेल तर गुणपत्रिका कुणाकडे आहेत, तेही तिथेच विचारा. नंतर एकेका कागदासाठी खेटे घालावे लागतात.

आता नकला. निकाल शेकडो पानांचा असतो आणि कोणताही कारकून तो वाचत नाही. म्हणून संपूर्ण निकालाच्या दोन सही-शिक्क्याच्या नकला घ्या. एक घरी ठेवा, एक वकिलाकडे. याशिवाय पहिलं पान, तुमचं नाव असलेलं पान आणि शेवटचा आदेश एवढ्याचीच वेगळी जुडी करा, तिच्या साक्षांकित झेरॉक्स वीसेक काढा. मूळ नक्कल कोणत्याही कार्यालयात सोडायची नाही. दाखवायची आणि परत घ्यायची.

नकलेतलं नाव नीट वाचा. आरोपपत्रात ‘उर्फ’ लावून तीन-तीन नावं असतात, रेशनकार्डावर चौथं असतं. दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच आठवड्यात करा आणि पुढचे सगळे कागद एकाच स्पेलिंगनं काढा. हे राहून गेलं की आधार आणि पॅन जुळत नाही.

सुटका झाली तरी प्रकरण बंद झालं असं समजू नका. निकालाआधी कोर्ट वरच्या कोर्टात हजर राहण्याचा जातमुचलका घेतं (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 437 अ, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं 481). तो सहा महिने लागू राहतो. सरकार अपिलात जाऊ शकतं. 7/11 च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं 21 जुलै 2025 रोजी बाराही जणांना निर्दोष ठरवलं आणि तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही. तरी अपिलाची नोटीस येऊ शकते, म्हणून पत्ता बदलला तर वकिलाला लगेच कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावरून परत गेली की त्याचा अर्थ भलताच लावला जातो. जामिनावर बाहेर असलेल्यांनी तर जामिनाच्या अटींचा कागद खिशातच ठेवावा. हजेरीचा एक दिवस चुकला तरी जामीन रद्द करण्याचा अर्ज येऊ शकतो.

ओळखपत्रांचा क्रम असा ठेवा: रेशनकार्ड, आधार, पॅन, बँक, मतदार यादी. देशातलं पहिलं आधार सप्टेंबर 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं. त्याआधी अटक झालेल्या आणि आत असताना नोंदणी न झालेल्या माणसाकडे ते नाही, आणि आज त्याच्याशिवाय पान हलत नाही. रेशनकार्डावरून नाव कमी झालं असेल तर तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात नाव वाढवण्याचा अर्ज करा. ते कार्ड हाती आलं की कुटुंबप्रमुखाच्या आधाराच्या बळावर नोंदणी करता येते. अठरा वर्षांवरच्या नव्या अर्जदाराची राज्याकडून पडताळणी होते, आणि तिला सहा महिनेही लागू शकतात. पावती जपा, नोंदणी फेटाळली तर पुन्हा अर्ज करा. जुनं पॅन असेल तर आधार जोडल्याशिवाय ते निष्क्रिय राहतं. जोडताना 1,000 रुपये शुल्क पडतं. मतदार यादीसाठी नमुना 6. तुरुंगात असताना मतदान करता येत नाही, बाहेर आल्यावर येतं. ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर परीक्षा नव्यानं द्यावी लागते.

बँकेत दोन वेगळी कुलुपं असतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं; ते केवायसीचे कागद दिले की उघडतं. दहा वर्षं उलटली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही, बँकेमार्फतच मागता येते. दुसरं कुलूप तपास यंत्रणेनं लावलेलं असतं. ते व्यवस्थापकाच्या हातात नसतं. निकालात खात्याचा उल्लेख नसेल तर त्याच कोर्टात अर्ज करून आदेश घ्यावा लागतो.

मुद्देमालाचंही तसंच. मोबाइल, लॅपटॉप, पासपोर्ट, शाळेचे दाखले यांबद्दल निकालाच्या शेवटी ‘अपिलाची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावा’ असं वाक्य असतं. मुदत संपली, अपील नाही, की अर्ज करा (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 498). रोख रकमेत नोटाबंदीआधीच्या पाचशे-हजाराच्या नोटा निघाल्या तर घाईनं पावतीवर सही करून घरी आणू नका. 30 डिसेंबर 2016 पर्यंत जप्त झालेल्या नोटा 2017 च्या नियमांखाली बदलून मिळतात, पण त्यांचे क्रमांक तपास यंत्रणेनं नोंदवलेले हवेत आणि कोर्टाच्या आदेशातही हवेत. क्रमांक नसलेला आदेश म्हणजे रद्दी. शिवाय दहापेक्षा जास्त जुन्या नोटा नुसत्या बाळगणं हाही गुन्हा आहे.

नोकरीच्या अर्जात प्रश्न नीट वाचा. ‘शिक्षा झाली आहे का’ आणि ‘अटक झाली होती का’ हे वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलं त्याचंच, पण खरं उत्तर द्या. सरकारी भरतीत माहिती दडवणं हेच काढून टाकायला कारण होऊ शकतं. चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा ‘प्रलंबित’ दिसला तर संबंधित ठाण्याला निकालाची जुडी जोडून संगणकातली नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंद पुसली जात नाही. तिच्यापुढे ‘निर्दोष’ लागावं एवढंच मागायचं.

सण आला, कुठे काही घडलं की ‘जरा येऊन जा’ असा फोन येतो. वाद घालू नका, पण लेखी नोटीस नम्रपणे मागा. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर त्याच संहितेच्या कलम 179 खाली लेखी आदेश लागतो; स्त्रियांना आणि साठीपुढच्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन विचारावं लागतं. गेलात तर कोण भेटलं, किती वाजता गेलात, किती वाजता निघालात हे वहीत लिहा आणि जाण्याआधी घरच्यांना व वकिलाला कळवा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही.

भरपाईबद्दल खोट्या आशा लावणारे पुष्कळ भेटतात. चुकीच्या खटल्यासाठी हक्कानं भरपाई देणारा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं 2018 मध्ये 277 व्या अहवालात तशी शिफारस केली, ती तशीच पडून आहे. अक्षरधाम (गांधीनगरच्या मंदिरावरचा हल्ला) प्रकरणात 2014 मध्ये निर्दोष ठरलेल्यांची भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये नाकारली. दिवाणी दावा करता येतो, पण दुष्ट हेतूनं खटला चालवल्याबद्दलच्या दाव्याची मुदत निर्दोष ठरल्यापासून फक्त एक वर्ष आहे आणि त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पोलिसांविरुद्धच्या काही दाव्यांना मुदत याहूनही आखूड आहे. मानवी हक्क आयोगही घटनेनंतर वर्ष उलटलं की तक्रार घेत नाही. ‘आधी जरा स्थिरावू दे’ म्हणत हे वर्ष जातं, म्हणून वकिलाशी पहिल्या तीन महिन्यांतच बसा.

घरात सर्वांत जास्त त्रास झोपेचा होतो. बराकीत रात्रभर दिवा जळतो. कित्येकांना अंधारात झोपच लागत नाही. पहिले काही आठवडे छोटा दिवा चालू ठेवा, हलवून उठवू नका, दाराची कडी त्यांच्याच हातात राहू द्या. रस्ता ओलांडणं, यूपीआय, गर्दीची लोकल एकदम नको, एका दिवशी एकच गोष्ट. दात, डोळे, छातीचा एक्स-रे, रक्तदाब आणि साखर पहिल्याच महिन्यात तपासून घ्या. क्षयाची तपासणी टाळू नका. झोप तीन-चार आठवड्यांत सुधारली नाही, माणूस बोलेनासा झाला, तर 14416 या टेली मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून तुरुंगातून सुटलेल्यांसाठी काम करतो.

पासपोर्ट शेवटी काढा, नोंदी दुरुस्त झाल्यावर. अर्जात खटला दडवला तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली नवाच गुन्हा होतो. तो नमूद करून निकाल जोडा. अपील प्रलंबित असेल तर कोर्टाची परवानगी घ्या, आणि तीत पासपोर्टाची मुदत लिहून मागा, नाहीतर पासपोर्ट बहुधा एकाच वर्षाचा मिळतो. तिकीट काढण्याआधी आणखी एक अर्ज: लुकआउट सर्क्युलर, म्हणजे माणसाला विमानतळावर अडवण्याची सूचना, मागे घेण्याचा. ते काढणाऱ्या यंत्रणेनं मागे घेईपर्यंत चालूच राहतं, निकालानं आपोआप संपत नाही. म्हणून त्याच यंत्रणेला निकालाची प्रत जोडून ते मागे घेण्याचं लेखी कळवा आणि त्याची पोच पासपोर्टाच्या पाकिटात ठेवा.