बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा, तर ॲम्प कोणता घ्यावा?

गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) हाताशी आहे म्हणून कीबोर्ड त्यालाच जोडू नका. पियानोचा सगळ्यात खालचा सूर 27.5 हर्ट्झचा असतो आणि वरच्या सुरांची झळाळी 10,000 हर्ट्झच्याही पुढे जाते. गिटारच्या स्पीकरला ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर, नसतो. साधारण 5,000 हर्ट्झनंतर तो ढेपाळतो आणि पियानो गोधडीखालून वाजल्यासारखा येतो. बासचा ॲम्प खर्ज पेलतो, पण ट्वीटर नसेल तर तोही नको.

मग पर्याय दोनच: खास कीबोर्डचा ॲम्प किंवा पॉवर्ड स्पीकर, म्हणजे आतच ॲम्प बसवलेला स्पीकर. रोलँडच्या केसी-400 मध्ये 150 वॉट आणि 12 इंची स्पीकर मिळतो, केसी-600 मध्ये 200 वॉट आणि 15 इंची. दोन कीबोर्ड आणि माइक थेट जोडता येतात, वेगळा मिक्सर लागत नाही. कीबोर्ड एकच असेल तर आमचा कौल 10 किंवा 12 इंची पॉवर्ड स्पीकरला. तो उचलायला हलका असतो आणि पुढे दुसरा घेतला की स्टिरिओ होतो.

वॉट बघताना 'पीक'चा (क्षणभर मिळणाऱ्या ताकदीचा) आकडा सोडा, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) विचारा. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. ड्रमसेट असेल तर 150 आरएमएसच्या खाली जाऊ नका. ऑर्गनचा आवाज थोडा फाटला तर खपतो, पियानोचा लगेच कानाला टोचतो. म्हणून ताकद हातची राखलेली हवी.

दुकानात स्वतःचा कीबोर्ड न्या. डाव्या हाताने खालच्या सप्तकात ऑक्टेव्ह, उजव्याने भरगच्च कॉर्ड, दोन्ही जोरात वाजवा. खोका खडखडतो का, ते ऐका. मग दुसऱ्याला वाजवायला सांगून तीन मीटर लांब, बाजूला उभे राहा. तिथे पियानो मंद वाटला, तर स्टेजवर ड्रमरलाही तसाच ऐकू येणार.

ॲम्प एकच असेल तर वायर कीबोर्डच्या 'एल/मोनो' जॅकला लावा, 'आर' रिकामा ठेवा. तरीही काही स्टिरिओ पियानो पोकळ वाटतात, कारण डाव्या-उजव्या बाजू एकत्र येताना एकमेकींना खातात. अशा वेळी मोनो पियानोचा टोन निवडा.

स्टेजवर कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा. सगळ्यात मोठा टोन जोरात वाजवत क्लिपचा (आवाज फाटू लागल्याचा) लाल दिवा लुकलुकेपर्यंत ॲम्पचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) चढवा, मग थोडा मागे घ्या. बास गिटार असेल तर 100 हर्ट्झखालचा भाग कमी करा, नाहीतर दोघांचा गाळ होतो. ॲम्प जमिनीवर सरळ ठेवला तर झळाळी गुडघ्यांना ऐकू जाते, कानांना नाही. तो मागे कलवा किंवा स्टँडवर चढवा.

साउंडवाल्याकडे सिग्नल डीआय बॉक्समधून द्या; ही डबी सिग्नल लांब वायरीतून नेण्याजोगा करते. साधी जॅक वायर 5-6 मीटरच्या पुढे गेली की गुणगुण पकडते. डीआय लावूनही गुणगुण आली तर त्याचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नल वायरीचा ग्राउंड तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर करंट कीबोर्डच्या धातूच्या भागांत उतरतो, आणि वाजवणाऱ्याचे ओठ माइकला लागताच जिवावर बेतू शकते.