एक्सेलमधल्या नोंदी स्क्रिप्टने वेब फॉर्ममध्ये कशा भराव्यात

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस जवळ आले की दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या ऑफिसात कागदपत्रांची घाई सुरू होते. सभासदांच्या बागांची यादी एक्सेलमध्ये तयार असते. नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, वाण, छाटणीची तारीख, सगळं असतं. तरीही ऑफिसातल्या मुलाला किंवा मुलीला तीच यादी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, वेब फॉर्मवर, एकेक करून पुन्हा टाइप करावी लागते. हे काम स्क्रिप्टकडे, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, देता येतं. थोडं पायथन (प्रोग्राम लिहायची एक भाषा) येत असेल तर उत्तमच, नसेल तरी महिन्याभरात येईल इतपतच लागतं.

स्क्रिप्ट वेगाने काम करते म्हणून लोकांना हवी असते. माझ्या मते वेग दुय्यम आहे. तीनशे नोंदींपैकी कोणती गेली, कोणती अडली आणि का अडली, हे संध्याकाळी नेमकं सांगता आलं पाहिजे. पुढची सगळी मांडणी त्यासाठीच आहे.

आधी विचारून घ्या

सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करा आणि थेट एक्सेल फाइल चढवायची सोय आहे का ते विचारा. असेल तर स्क्रिप्टची गरजच नाही. नसेल, तर स्क्रिप्टने फॉर्म भरायची परवानगी लेखी घ्या, ईमेलवर घेतली तरी चालेल. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरणं किंवा तिच्यात अडथळा आणणं याबद्दल भरपाई द्यावी लागू शकते. ज्या फॉर्मवर कॅप्चा किंवा ओटीपी आहे, तिथे समोर माणूसच हवा असं मालकाने सांगितलेलं आहे. तो फॉर्म हातानेच भरा. तत्काळ तिकीट, दर्शनाचे पास, सरकारी अर्ज अशा रांगेच्या ठिकाणी स्क्रिप्ट लावणं म्हणजे दुसऱ्याचा नंबर मारणं, त्यासाठी हा लेख नाही.

फॉर्म एकदा हाताने भरा, पण नीट बघत

क्रोममध्ये फॉर्म उघडून एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा आणि एक खरी नोंद भरून सबमिट करा. यादीत 'पोस्ट' प्रकारची विनंती, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरला पाठवलेली माहिती, दिसेल. ती उघडली की पेलोडमध्ये फॉर्मने नेमकं काय पाठवलं ते कळतं.

इथे घाई करू नका. पडद्यावर तालुका 'निफाड' दिसतो, पण आत कदाचित ७ हा कोड जातो. तारीख पडद्यावर दिवस-महिना-वर्ष अशी दिसते, पण ब्राउझरचा तारखेचा रकाना ती वर्ष-महिना-दिवस अशीच पाठवतो. शिवाय तुम्ही न भरलेला एखादा लांबलचक अक्षर-आकड्यांचा लपलेला रकानाही दिसेल. तो सुरक्षेचा टोकन. विनंती याच साइटच्या पानावरून आली आहे ना, हे सर्व्हर त्यावरून तपासतो. तो बदलत राहतो, म्हणून आजची विनंती कॉपी करून उद्या पाठवली तर बहुधा नाकारली जाते. या कारणासाठी मी नवख्या माणसाला थेट विनंती पाठवायच्या भानगडीत पडू नका असंच सांगतो. खरा ब्राउझर उघडून तो स्क्रिप्टने चालवा, म्हणजे टोकन, कुकी, लॉगिन हे सगळं ब्राउझर सांभाळतो.

यादी साफ करा

निम्म्याहून जास्त अडचणी इथेच असतात. गट नंबर १२/३ एक्सेलमध्ये टाइप केला की एक्सेल त्याची १२ मार्च करून टाकतं. नंतर रकाना 'टेक्स्ट' केला तरी १२/३ परत येत नाही, पाच आकडी भलतीच संख्या दिसते. त्यामुळे गट नंबरचा रकाना टाइप करण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा. जुनी फाइल असेल तर हा रकाना सातबाऱ्याशी ताडून बघण्यावाचून इलाज नाही.

क्षेत्र एका ओळीत हेक्टर-आरमध्ये आणि दुसऱ्या ओळीत '२ एकर' असं असतं. फॉर्मला जे एकक हवं ते सगळ्या यादीला लावा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि व्यवहारात गुंठा म्हणजेच आर धरतात, त्यामुळे ०.८० हेक्टर म्हणजे साधारण दोन एकर. आकडे देवनागरीत लिहिलेले असतील तर तेही बदला, कारण ब्राउझरचा संख्येचा रकाना देवनागरी आकडे स्वीकारत नाही. गावाच्या नावापुढे राहिलेली मोकळी जागाही काढा, डोळ्याला न दिसणाऱ्या त्या जागेमुळे तुमचं 'मोहाडी' आणि फॉर्मच्या यादीतलं 'मोहाडी' जुळत नाही.

प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक द्या. फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारात साठवा (सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल), साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

स्क्रिप्ट

पायथन टाकल्यावर प्लेराइट घ्या. ब्राउझर स्क्रिप्टने चालवणारं, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे. सेलेनियम हे तसंच दुसरं साधन त्याहून जुनं आणि तितकंच भरवशाचं, पण प्लेराइट रकाना तयार होईपर्यंत आपणहून थांबतं, ही नवख्यासाठी मोठी सोय. त्यातलं 'कोडजेन' सुरू केलं की ब्राउझर उघडतो, तुम्ही एक नोंद भरता आणि शेजारच्या खिडकीत त्याचा कोड आपोआप लिहिला जातो.

त्या कोडमध्ये तुम्ही भरलेली नावं-आकडे जसेच्या तसे असतात. त्यांच्या जागी सीएसव्हीतल्या रकान्यांची नावं घाला आणि हा सगळा भाग प्रत्येक ओळीसाठी फिरेल असा लूपमध्ये ठेवा. रकाने लेबलवरून शोधा, म्हणजे फॉर्मची मांडणी थोडी बदलली तरी कोड टिकतो. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. लॉगिन एकदा हाताने करून त्याची स्थिती वेगळ्या फाइलमध्ये साठवता येते, पण ती फाइलही पासवर्डइतकीच जपा.

सुरुवातीला ब्राउझर लपवून चालवू नका. समोर उघडा ठेवा, प्रत्येक कृतीत अर्धा-एक सेकंद अंतर ठेवा आणि पहिल्या पाच नोंदी डोळ्यांनी बघा. सॉफ्टवेअरवाल्याकडे चाचणीची वेगळी जागा असेल तर आधी तिथेच.

नोंदवही

आता मुख्य गोष्ट. सबमिट दाबण्याच्या आधी स्क्रिप्टने वेगळ्या फाइलमध्ये ओळीचा क्रमांक आणि 'पाठवत आहे' असं लिहायचं. सबमिट झाल्यावर पानावर येणारा नोंदणी क्रमांक वाचून त्याच ओळीपुढे 'झाली' आणि तो क्रमांक लिहायचा. चूक दाखवणारा संदेश आला तर तो संदेश लिहायचा आणि पानाचा स्क्रीनशॉट ठेवायचा.

हे दोन टप्प्यांत का, ते गावाकडच्या ऑफिसात बसणाऱ्याला लगेच कळेल. मधेच वीज गेली, तर शेवटची नोंद सर्व्हरवर पोचली की नाही हे संगणकाला माहीत नसतं. नोंदवहीत जिच्यापुढे फक्त 'पाठवत आहे' असेल ती ओळ संशयित. ती सॉफ्टवेअरमध्ये शोधून हाताने ठरवायची. बाकीच्यांत 'झाली' असेल ती ओळ स्क्रिप्टने पुढच्या वेळी सोडून द्यायची. असं केलं नाही तर एकाच बागेची दोनदा नोंद होते, आणि ती निस्तरायला पुन्हा त्याच मुलाचा दिवस जातो.

सर्व्हरने २०० हा कोड ('विनंती नीट पोचली' असं सांगणारा आकडा) दिला म्हणून नोंद झाली असं धरू नका. 'गट नंबर आवश्यक आहे' अशी लाल ओळ दाखवणारं पानही २०० घेऊनच येऊ शकतं. नोंदणी क्रमांक हाच पुरावा. ४२९ आला तर तुम्ही फार वेगाने पाठवताय, थांबा आणि अंतर वाढवा. लागोपाठ तीन नोंदी चुकल्या तर स्क्रिप्टने स्वतःहून बंद व्हायला हवं.

फॉर्म गूगल फॉर्म्सचा असेल आणि लॉगिन लागत नसेल, तर त्याची 'आधीच भरलेली लिंक' मिळते. एक्सेलमध्ये प्रत्येक सभासदासाठी अशी लिंक तयार करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की शेतकरी स्वतः बघून सबमिट करतो. पन्नासेक नोंदी असतील तर मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण गट नंबर ज्याचा त्यानेच तपासलेला असतो.

काम झालं की नोंदवहीतल्या 'झाली' ओळी मोजा आणि सॉफ्टवेअरमधल्या एकूण नोंदींशी जुळवा. मग सीएसव्हीच्या जादा प्रती पुसा, त्यात सभासदांचे मोबाइल नंबर आणि जमिनीचे तपशील असतात. कोड मात्र ठेवा. पुढच्या छाटणीला तो चालवण्याआधी फॉर्म पुन्हा एकदा हाताने भरून, सगळी लेबलं तीच आहेत ना ते बघा.