मेडल जमवताय? आधी फिनिश ओळखायला शिका

सरकारी टांकसाळींची स्मारक मेडलं जमवायला लागलं की सुरुवातीला सगळे चेहरा कोणाचा, वर्ष कुठलं, चांदी का ब्राँझ एवढंच बघतात. मीही तेच बघायचो. पण नाणं हातोहात फिरायला असतं, मेडल फक्त बघायला असतं, त्यामुळे टांकसाळीने त्याच्या पृष्ठभागावर जे काम केलंय, म्हणजे फिनिश, ते बघता आलं नाही तर अर्धं मेडल हातातून सुटलं असं समजा.

अमेरिकन टांकसाळीला २२५ वर्षं झाली तेव्हा २०१७ मध्ये त्यांनी चांदीच्या चार मेडलांचा सेट काढला, लिबर्टीचं, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचं डिझाइन चारही मेडलांवर तेच, पण टांकसाळी चार आणि फिनिश वेगवेगळं. सॅन फ्रान्सिस्कोचं प्रूफ, म्हणजे चेहऱ्यामागची सपाट जागा आरशासारखी आणि चेहरा दुधाळ पांढरा. फिलाडेल्फियाचं रिव्हर्स प्रूफ, त्यात बरोब्बर उलट, चेहरा चकचकीत आणि मागची जागा दुधाळ. दोन्ही शेजारी ठेवली की चेहऱ्यावरचा भावसुद्धा वेगळा वाटतो, खरंच.

प्रूफची चमक ठोकायच्या आधीच तयार होते, डाय (ठसा उमटवणारा साचा) आणि कोरी चकती दोन्ही पॉलिश करतात आणि मग एकापेक्षा जास्त वेळा दाब देतात. सॅटिनमध्ये डायलाच बारीक पोत दिलेला असतो म्हणून ते मऊ रेशमी दिसतं. मॅट मात्र बऱ्याचदा मेडल ठोकून झाल्यावर त्याच्यावर बारीक वाळूचा मारा करून बनवतात, म्हणून ते सगळीकडे सारखं दाणेदार असतं आणि प्रकाश कुठेच चमकत नाही. अँटिक फिनिशमध्ये गंधकाच्या रसायनाने आख्खं मेडल काळं करतात आणि वरचे उंचवटे पुसून उजळ करतात, काळेपणा खाचांत राहतो. हा काळेपणा मळ नाहीये! सिल्व्हर डिपमध्ये, म्हणजे चांदी उजळायच्या द्रावणात बुडवलं की काही सेकंदांत तो जातो आणि परत येत नाही.

आता घेताना बघायचं कसं. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, एकच टेबल लँप ठेवा, मेडल कडेने धरून हळूहळू तिरकं करा. प्रूफवर बारीक रेघा दिसल्या तर लगेच नाराज होऊ नका, भिंगाखाली नीट बघा. रेघा उठावाच्या असतील आणि अक्षरापाशी येऊन थांबत असतील तर ते डायच्या पॉलिशिंगचे मूळचे माग आहेत. रेघा खोल गेलेल्या असतील आणि मागच्या जागेवरून थेट गालावर, अक्षरांवर चढत असतील तर कोणीतरी कापड फिरवलंय, असं मेडल मी सोडून देतो, स्वस्त असलं तरी.

जुन्या ब्राँझला आणखी एक गोष्ट, रंग आणि कड दोन्ही बघा. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन ब्राँझ मेडलं गडद तपकिरी असतात, नंतर ठोकलेल्या प्रती बऱ्याचदा पिवळसर. पॅरिसच्या टांकसाळीने तर कडेवर खूणच केलीये, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ मधमाशी आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. त्यामुळे समोर १८०५ लिहिलंय आणि कडेवर शिंग असेल तर जुन्या डिझाइनवरून नंतर काढलेली प्रत आहे हे लगेच कळतं. अशी प्रत घेण्यात काही वाईट नाही, फक्त जुन्याचे पैसे देऊ नका.

आणि पुसू नका. कशानेच नाही. माझ्या एका मॅट मेडलवर बोटाचा ठसा दिसला म्हणून मी चष्म्याच्या कापडाने गालावर दोनदाच हलकं पुसलं, ठसा तसाच राहिला आणि बाजूला तांदळाएवढा चकचकीत ठिपका आला, कारण दाण्यांची टोकं चेपली गेली. आज सात-आठ वर्षांनीही मेडल तिरकं केलं की पहिला तोच दिसतो आणि वाईट वाटतं.

मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यातून हिरवट चिकट थर येतो. नुसत्या चांदीवर असा थर आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढता येतो, तेही न घासता, पण नेलपॉलिश रिमूव्हर नको, आणि लॅकर (पारदर्शक लेप) किंवा रंग दिलेल्या मेडलला ॲसिटोन लावूच नका. बाकी घट्ट बसणारी कॅप्सूल, म्हणजे मेडलच्या मापाची कडक पारदर्शक डबी, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि रबरबँड, लोकरी कापड, साधा पुठ्ठा लांब, कारण गंधकाने चांदी काळी पडते. मूळ खोका आणि कार्ड जपून ठेवा, पण मेडलपासून वेगळ्या कप्प्यात.