चाक आधी, चित्र नंतर : जुन्या स्पोर्ट्स कारची बॉडी बदलताना या चुका टाळा

माझ्या 1991च्या माझ्दा एमएक्स-5ला पहिल्यांदा मडगार्डचे फ्लेअर, म्हणजे रुंद चाक झाकणारे फायबरचे फुगीर कडे, बसवले, तेव्हा उभी गाडी दृष्ट लागण्यासारखी दिसत होती. मग डावीकडच्या एका वळणावर चाक खड्ड्यात गेलं आणि उजव्या मागच्या कोपऱ्यातून करवत फिरल्यासारखा आवाज आला. उतरून पाहिलं, तर टायरच्या कडेवर बोटभर लांब चर आणि फ्लेअरच्या आतून फायबरचे पांढरे तंतू लोंबत होते. सहा आठवड्यांचं काम एका खड्ड्यात गेलं.

चूक साधी होती. फ्लेअरचा आकार मी उभ्या गाडीवर आखला होता. पण गाडी उभी असताना चाक जिथे असतं तिथे ते धावताना क्वचितच असतं. म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे: आधी टायर, मग रिम, मग सस्पेन्शनची उंची, आणि हे तिन्ही पक्कं झाल्यावरच पेन्सिल.

रिमचा हिशेब कागदावर नीट करा. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते तिथपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये; ते कमी झालं की चाक बाहेर येतं. 6 इंची, 45 ऑफसेटची रिम काढून 7 इंची, 35 ऑफसेटची घातली, तर बाहेरची कड एक इंचाने सरकत नाही. रुंदीचे अर्धे 12.7 आणि ऑफसेटचे 10, असे 22.7 मिलिमीटर ती बाहेर येते. आतली कडही 2.7 मिलिमीटर आत जाते, तेवढ्यात कधी कधी शॉकअॅब्सॉर्बरला टेकते. शिवाय टायरवर 205 (मिलिमीटरमधली रुंदी) लिहिलंय म्हणून मोजपट्टी न लावता पुढे जाऊ नका. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरने वेगळे निघतात.

मग गाडी भक्कम स्टँडवर घ्या, स्प्रिंग काढा, पण बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा) जागेवर ठेवा. जॅकने चाक हळूहळू वर न्या, बंप स्टॉप पुरता दाबला जाईपर्यंत. पुढच्या चाकांना प्रत्येक उंचीवर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सगळ्यात अडचणीची जागा बहुतेक वेळा पूर्ण वळवलेलं चाक अर्ध्या उंचीवर असताना सापडते, आणि नेमकी तीच कोणी तपासत नाही. मी टायरच्या भोवती निदान 10 मिलिमीटर मोकळे ठेवतो, कारण सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश जुने झाले की चाक इकडेतिकडे सरकतं.

मागची कमान कापताना

पुढची मडगार्डं बऱ्याच गाड्यांत बोल्टची असतात, चुकलं तर दुसरं आणता येतं. मागची बाजू बॉडीला जोडलेली असते आणि तिथे पत्रा एक नाही, दोन असतात: बाहेरचा दिसणारा आणि आतला चाकाच्या घराचा. कमानीच्या कडेला ते एकमेकांना वेल्ड केलेले असतात. ग्राइंडरने सरळ कापलं की तो सांधा उघडतो, गाडीची ताकद कमी होते आणि त्या फटीतून पाणी थेट बॉडीच्या पोकळीत जातं. वरून फ्लेअर बसलं की काही दिसत नाही. दोन पावसाळ्यांनी रंगावर फोड येतात, तेव्हा कळतं.

बरोबर रीत अशी: आधी फक्त बाहेरचा पत्रा कापा. आतल्या पत्र्याला बोटभर अंतरावर चिरा देऊन त्याच्या पाकळ्या करा, त्या बाहेर वाकवून बाहेरच्या पत्र्याला भिडवा आणि वेल्ड करा. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो, सलग वेल्ड मारला की तापून लाटा उठतात. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्या. मग प्रायमर, त्यावर सांधा बुजवणारा सीम सीलर, आणि मगच फ्लेअर. हात लावण्याआधी गंज शोधा. एमएक्स-5मध्ये छताच्या पाण्याच्या नळ्या तुंबतात आणि दाराखालची पोकळी आतून सडते, नेमकी मागच्या चाकाच्या पुढे. तिथे लांबी (पुट्टी) भरून वर फ्लेअर चिकटवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

डावं म्हणजे उजवं नव्हे

जुन्या गाड्यांच्या दोन बाजूंत काही मिलिमीटरचा फरक सहज असतो, आणि कधीकाळी ठोकर बसली असेल तर जास्तच. एका बाजूचं स्कॅन करून संगणकात उलटवलं की दुसरीकडचं फ्लेअर बसत नाही, आणि दोष साच्याला दिला जातो. सस्पेन्शनच्या बोल्टपासून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा, मध्यरेषा काढा आणि दोन्ही बाजू तिच्यापासून मोजा. आकार ठरवताना पुठ्ठा आणि मास्किंग टेप पुरते. फोटो लांबून, झूम करून काढा. मोबाइल जवळ धरला की जवळचं मडगार्ड फुगतं आणि आपण नको तिथे घासत बसतो.

फायबर रुसतं कशाने

रंगावर महिन्याभराने फायबरच्या कापडाच्या विणीचे ठसे उमटले, तर समजा, फायबर पूर्ण पिकण्याआधीच, म्हणजे त्यातलं रेझिन पुरतं कडक होण्याआधीच, रंग चढवला. पॉलिएस्टर रेझिन साच्यातून काढल्यावरही आक्रसत राहतं. भाग गाडीवर किंवा त्याच आकाराच्या आधारावर ठेवून उबेत पिकू द्या, मग प्रायमर. बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आल्या, तर भोक घट्ट पडलंय. उन्हात फायबर पोलादापेक्षा जास्त प्रसरतं, म्हणून भोक थोडं लांबट आणि वॉशर मोठा हवा. कार्बन फायबर थेट अॅल्युमिनियमला लावू नका, ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. लांबी 2-3 मिलिमीटरच्या वर लागत असेल, तर पत्राच पुन्हा ठोकून घ्या.

हवा

फक्त मागे भलंमोठं विंग लावणं ही सगळ्यात लोकप्रिय चूक. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. मागचं टोक दाबलं आणि पुढचं तसंच राहिलं, तर वेगात स्टिअरिंग हलकं पडतं. पोर्शने 911मध्ये 1972च्या एस मॉडेलला पुढे बंपरखाली हनुवटीसारखा स्पॉयलर दिला आणि 1973च्या कॅरेरा आरएस 2.7ला मागे ते बदकाच्या शेपटीसारखं झाकण. दोन्ही टोकांचा विचार होता. उलट पहिल्या ऑडी टीटीची गोलाई सुंदर, पण वेगातल्या अपघातांनंतर कंपनीला गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर लावावं लागलं.

इंजीन तापू लागलं, तर बंपरला नवी भोकं पाडण्याआधी आत गेलेली हवा बाहेर कुठून निघते ते बघा. बॉनेटचं मागचं टोक उचलून ठेवणारे खूप आहेत. पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून गरम हवा बाहेर येण्याऐवजी बाहेरचीच आत घुसते. हवा बाहेर सोडणाऱ्या बॉनेटवरच्या झडपा रेडिएटरच्या लगेच मागे हव्यात. शंका आली, तर लोकरीचे बोटभर तुकडे टेपने चिकटवा आणि दुसऱ्या गाडीतून चित्रीकरण करा. धागा फडफडला किंवा उलटा फिरला, तर तिथे हवा बॉडीला चिकटून वाहण्याऐवजी तिच्यापासून सुटलीय. मागचा आकार बदलल्यावर केबिनमध्ये धुराचा वास येतोय का, तेही बघा. डॅटसन 240झेडच्या मालकांना मागच्या दारातून शिरणारा धूर चांगलाच ओळखीचा आहे.

रंगाची घाई नको. दुसऱ्यांदा मी गाडी नुसत्या प्रायमरमध्ये तीन आठवडे चालवली, फ्लेअरच्या आत खडू फासून. तिसऱ्याच दिवशी डाव्या पुढच्या कोपऱ्यात खडू रुपयाएवढा पुसलेला दिसला. तिथे 4 मिलिमीटर घासलं, पुन्हा खडू लावला. पुढचे अठरा दिवस तो जसाच्या तसा राहिला, मग गाडी रंगाला दिली.