क्रूझचं भाडं रिफंडेबल घ्यावं की नॉन-रिफंडेबल? बडोद्यातून बुकिंग करताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून क्रूझ करायची ठरली की अलकापुरीतला एजंट दोन आकडे पुढे ठेवतो. एक स्वस्त नॉन-रिफंडेबल, दुसरा माणशी थोडा महाग रिफंडेबल. मग घरात त्या फरकावर बराच खल होतो, आणि कॅलेंडर कुणीच उघडत नाही. या व्यवहारात पैसे बुडतात ते बहुतेक वेळा तारखा न पाहिल्यामुळे.

रिफंडेबल म्हणजे शेवटपर्यंत पैसे परत, हा समज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्रूझचे पैसे दोन टप्प्यांत जातात. आधी डिपॉझिट आणि मग फायनल पेमेंट. फायनल पेमेंटची तारीख मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांत साधारणपणे ४ रात्रींपर्यंतच्या सफरीला ७५ दिवस आधी आणि त्याहून लांब सफरीला ९० दिवस आधी येते. दोन्ही भाड्यांतला खरा फरक त्या तारखेपर्यंतच टिकतो. तोवर रद्द केलं तर रिफंडेबलवाल्याला डिपॉझिट परत मिळतं आणि नॉन-रिफंडेबलवाल्याचं जातं. ती तारीख उलटली की दोघांनाही कपातीचा एकच तक्ता लागू होतो. लहान सफरीत तो बहुधा निम्म्या रकमेपासून सुरू होतो, पुढे पाऊण रक्कम कापली जाते आणि शेवटच्या ३० दिवसांत सगळेच पैसे जातात.

म्हणजे जास्तीचे पैसे देऊन तुम्ही घेता ते फक्त डिपॉझिटचं संरक्षण, तेही मुदतीपुरतं. जहाज सुटण्याच्या महिनाभर आधी आजोबा आजारी पडले तर रिफंडेबल भाड्याचा काहीही उपयोग नाही.

'नॉन-रिफंडेबल' या शब्दाचेही दोन प्रकार असतात. एकात फक्त डिपॉझिट अडकतं. दुसऱ्यात, म्हणजे ऐन वेळच्या सवलतीत किंवा काही खास ऑफरमध्ये, पहिल्या दिवसापासून पूर्ण भाडं अडकतं. मुंबईहून सुटणाऱ्या देशी क्रूझचे नियम परदेशी कंपन्यांपेक्षा वेगळे असतात, तेव्हा एका कंपनीचा अनुभव दुसरीला लावू नका. एजंटला सरळ दोन प्रश्न विचारा: आज रद्द केलं तर नेमके किती रुपये परत येतील, आणि हे उत्तर कोणत्या तारखेला बदलेल? उत्तर ई-मेलवर घ्या.

व्हिसाची तारीख आणि पैशांची तारीख

समजा, ४ रात्रींची सिंगापूरची सफर १० नोव्हेंबरला सुटते. ७५ दिवस मागे गेलं की फायनल पेमेंट येतं २७ ऑगस्टला. सिंगापूरचा व्हिसा अर्ज मात्र पोहोचण्याच्या आधीच्या ३० दिवसांत करायचा असतो, म्हणजे ११ ऑक्टोबरपासून पुढे. व्हिसा नाकारला गेला तर ते कळेपर्यंत रिफंडेबलची मुदत संपून दीड महिना झालेला असतो. 'व्हिसाचा भरवसा नाही, म्हणून रिफंडेबल घेऊ' हे सिंगापूरच्या बाबतीत चालत नाही. इथे जास्तीचे पैसे विम्यात घालावेत, त्याबद्दल पुढे.

युरोपचं गणित उलटं आहे. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. बार्सिलोनाहून ७ रात्रींची सफर असेल तर फायनल पेमेंट ९० दिवस आधी. त्यामुळे १८० ते ९० दिवसांच्या मधल्या काळात अहमदाबादला जाऊन अर्ज दिला तर निकाल हाती आल्यावर उरलेली रक्कम भरता येते. इथे रिफंडेबल भाडं खरंच उपयोगाचं, कारण अर्जासोबत बुकिंग दाखवता येतं आणि नकार आला तर डिपॉझिटही वाचतं. अर्ज मात्र त्या खिडकीच्या सुरुवातीलाच द्या. जहाज मधे तुर्की किंवा ट्युनिशियासारख्या शेंगेनबाहेरच्या बंदराला लागत असेल तर मल्टिपल एंट्रीच (एकाहून जास्त वेळा आत येण्याची परवानगी) मागा.

रजा मंजूर होणं, बोर्डाच्या परीक्षेचं वेळापत्रक, घरातलं लग्न, आईची शस्त्रक्रिया, सगळ्यांना हीच कसोटी लावा. ती गोष्ट फायनल पेमेंटच्या आधी स्पष्ट होणार असेल तर रिफंडेबलचा विचार करा. नंतर होणार असेल तर स्वस्तातलं घ्या आणि विमा काढा.

लाभपाचमपर्यंत ऑफिस बंद

ही खास आपल्याकडची अडचण. २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत सुटणाऱ्या ४ रात्रींच्या सफरीची ७५ दिवसांची तारीख येते १२ नोव्हेंबर. दिवाळी नोव्हेंबरात असली की त्या दिवसांत बडोद्यातली निम्मी ऑफिसं लाभपाचमपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरच्या कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, उघडत नाहीत. एजंटमार्फत केलेलं बुकिंग कंपनी बहुतेक वेळा प्रवाशाच्या फोनवर रद्द करत नाही, एजंटकडेच पाठवते. शिवाय एजंट स्वतःची तारीख कंपनीच्या तारखेपेक्षा काही दिवस अलीकडे ठेवतो. दोन्ही तारखा विचारून घ्या आणि निर्णय मुदतीच्या आठवडाभर आधी कळवा.

फरक किती, आणि कशाच्या तुलनेत

नुसता 'माणशी ४० डॉलर जास्त' हा आकडा काही सांगत नाही. चौघांचं कुटुंब, माणशी १०० डॉलर डिपॉझिट, म्हणजे ४०० डॉलर पणाला. रिफंडेबल भाडं एकूण १६० डॉलरने महाग. १६० ला ५६० ने (१६० ची बचत अधिक ४०० चं डिपॉझिट) भागा, उत्तर येतं सुमारे २९ टक्के. फायनल पेमेंटच्या आधी बेत फिसकटण्याची शक्यता त्याहून कमी वाटत असेल तर नॉन-रिफंडेबल परवडतं. चौघांचा मिळून फरक फक्त ४० डॉलर असता तर उत्तर ९ टक्के आलं असतं, आणि तेव्हा रिफंडेबलच घ्यावं. शाळकरी मुलं आणि सत्तरीपुढचे आजी-आजोबा एकत्र असताना ९ टक्के शक्यता काहीच नाही.

'रद्द नाही करणार, फार तर तारीख बदलू' असंही म्हटलं जातं. नॉन-रिफंडेबल डिपॉझिटवर जहाज किंवा तारीख बदलायला शुल्क पडतं. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीत ते माणशी १०० डॉलर आहे. लहान सफरीचं डिपॉझिटही त्याच घरात असेल, तर एकदा तारीख बदलली की डिपॉझिट संपलंच समजा.

सगळ्या खोल्यांना एकच भाडं

बारा जणांचं गोतावळ्याचं बुकिंग असलं तरी सगळ्यांनी एकच प्रकार घ्यायला हवा असा नियम नाही. ज्यांचं येणं पक्कं त्यांची केबिन नॉन-रिफंडेबल, ज्यांचं डळमळीत त्यांची रिफंडेबल, आणि जेवायला एकत्र बसता यावं म्हणून दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडून घ्यायची. डळमळीत माणसं एकाच केबिनमध्ये ठेवा. दोघांच्या केबिनमधून एकजण गळला तर उरलेल्याला एकट्याचं भाडं पडतं आणि ते बऱ्याचदा दोघांच्या भाड्याच्या जवळ जातं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर कमी असतो, पण पहिल्या दोघांतला एक गेला की तिसरा वरच्या दरात सरकतो. या फेरमांडणीचा हिशेब रिफंडेबलवाल्यालाही भरावा लागतो.

रुपयांतली गळती

डॉलरमध्ये भाडं पूर्ण परत आलं तरी रुपयांत तेवढंच येत नाही. क्रेडिट कार्डवर परकीय चलनाचा मार्कअप (बँकेचं जादा शुल्क), बहुतेक कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हा सहसा परत येत नाही. परताव्याला त्या दिवसाचा दर लागतो. एजंटची सेवा फी वेगळी. परदेशी पॅकेजवर घेतलेला टीसीएस (विकणाऱ्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर) सरकारजमा झाला असेल तर तो एजंटकडे मागत बसू नका. तुमच्या पॅनवरच्या आयकर खात्याच्या नोंदीत तो दिसतोय का ते तपासा आणि रिटर्नमध्ये वळता करून घ्या. परतावा रोख मिळणार की पुढच्या सफरीचं क्रेडिट, हेही आधीच विचारा. क्रेडिटला मुदत असते.

विमा उशिरा काढणं

ट्रिप कॅन्सलेशनचं कलम पॉलिसीत लिहिलेल्या कारणांपुरतं असतं: आजारपण, अपघात, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू वगैरे. व्हिसा नकार बऱ्याच पॉलिसींत नसतो किंवा वेगळा ॲड-ऑन म्हणून घ्यावा लागतो. जुना मधुमेह किंवा हृदयविकार लपवला तर दावा तिथेच अडतो. आजार कळल्यावर काढलेली पॉलिसी त्या आजारासाठी निरुपयोगी, म्हणून डिपॉझिट भरल्या आठवड्यातच ती घ्या. कलमाची कमाल रक्कम पूर्ण क्रूझ भाड्याएवढी आहे का तेही पाहा. स्वस्त पॉलिसीत ती फार तोकडी असते.

बेत मोडलाच तर

आधी तारीख पाहा. फायनल पेमेंट व्हायचं असेल तर रद्द करण्याचा आणि तारीख बदलण्याचा, असे दोन्ही आकडे लेखी मागवा आणि कमी नुकसानीचा निवडा. पेमेंट झालेलं असेल तर तक्त्यातली पुढची पायरी किती दिवसांवर आहे ते मोजा. ६१व्या दिवशी पाठवलेला ई-मेल आणि ६०व्या दिवशी पाठवलेला ई-मेल यांत पाव भाड्याचा फरक पडू शकतो, आणि दिवस कंपनीच्या मुख्यालयाच्या वेळेने मोजला जाण्याची शक्यता असते. एखाद्या कार्यालयातून फोनवर 'करतो' म्हटलेलं धरू नका, कॅन्सलेशन नंबर मागा. कंपनीनेच सफर रद्द केली तर नॉन-रिफंडेबल भाडंही परत मिळतं, तिथे क्रेडिटवर राजी होण्याची घाई नको.

आणि सगळं भाडं बुडणारच असलं तरी नुसतं न जाता बुकिंग रीतसर रद्द करा. बंदर शुल्क आणि कर बहुतेक कंपन्या परत करतात. आगाऊ भरलेली टिप, किनाऱ्यावरच्या सहली आणि वाय-फाय पॅकेजचे पैसेही सफरीआधी रद्द केले तर सहसा सुटतात. चौघांच्या कुटुंबात ही रक्कम बडोदा–मुंबई रेल्वेच्या जाण्या-येण्याच्या भाड्यापेक्षा मोठी निघते.