बंद पडलेल्या धंद्याचा खर्च आयकरात कसा दाखवावा

धंदा बसला की बिलांकडे बघवत नाही. पिशवी माळ्यावर जाते, विवरणपत्राची मुदत निघून जाते आणि जे वाचण्यासारखं होतं तेही जातं. म्हणून हे काम शटर ओढल्या ओढल्या करा.

समजा, तुम्ही स्वतःच्या नावावर ठाण्यात बेकरी काढलीत आणि पाच महिन्यांत बंद केलीत.

आधी एक तारीख पक्की करा: धंदा तयार कधी झाला? पहिलं गिऱ्हाईक आलं तो दिवस वेगळा. 1954 साली मुंबई उच्च न्यायालयाने वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या खटल्यात हाच फरक केला. धंदा सुरू करण्याजोगा तयार झाला की, विक्री सुरू झालेली नसली तरी, तिथून पुढचा चालू खर्च वजा होऊ शकतो. ओव्हन बसून चाचणी झाली, अन्न परवाना आला, मैद्याची पोती उतरली; दुकान मात्र तीन आठवड्यांनी उघडलं. त्या तीन आठवड्यांचं भाडं आणि कारागिराचा पगार सोडू नका. चाचणीचा कागद, परवाना, मैद्याचं बिल एकत्र लावून ठेवा. सगळी मदार या तारखेवर आहे.

मग बिलं वेगळी करा. तयारीच्या आधीचा प्रकल्प अहवाल, बाजाराची पाहणी वगैरे खर्च 1961 च्या कायद्यातल्या कलम 35डीखाली पाच समान हप्त्यांत वजा होतो, तोही प्रकल्प खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंतच. प्रकल्प 8 लाखांचा असेल तर मर्यादा 40,000 रुपये, म्हणजे वर्षाला 8,000. धंदा सुरूच झाला नसेल तर ही वजावट नाही. हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

चालू खर्चात एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिले असतील, तर ती रक्कम सहसा नामंजूर होते.

ओव्हनचं गणित निराळं. 3 लाखांचा ओव्हन पहिल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरला, तर 15 टक्क्यांच्या निम्मा घसारा (वापराने घटलेल्या किमतीपोटी मिळणारी वजावट), म्हणजे 22,500. उरले 2,77,500. पुढच्या वर्षी तो 1,60,000 ला विकला आणि घसाऱ्याच्या त्याच दराच्या गटात दुसरं यंत्र नसेल, तर 1,17,500 चा अल्पकालीन भांडवली तोटा होतो. तो फक्त भांडवली नफ्यातूनच वळता होतो.

धंद्याचा तोटा त्याच वर्षी एफडीच्या व्याजातून किंवा घरभाड्यातून वजा करा. पगारातून करता येत नाही. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण पुढे तो फक्त धंद्याच्या उत्पन्नातूनच वजा होतो. तोच धंदा चालू असण्याची अट नाही. उद्या केकचे क्लास काढलेत तरी चालेल. मात्र आयटीआर-3 (धंदेवाल्यांचा विवरणपत्राचा फॉर्म) मुदतीत भरलाच पाहिजे, कर शून्य असला तरी. एक दिवस उशीर झाला की तोटा पुढे नेण्याचा हक्क जातो; शिल्लक घसारा तेवढा वाचतो.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदललेत. सीएला आधी खर्च कोणत्या वर्षाचा ते सांगा.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तोटा कंपनीचा; तुमच्या विवरणपत्रात येत नाही.

शेवटी नोंदण्या. जीएसटी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10, म्हणजे शेवटचं जीएसटी विवरणपत्र, भरा. व्यवसाय कराची नोंदणीही रद्द करायला अर्ज करा, नाहीतर बंद दुकानावर वर्षाला 2,500 रुपये चढत राहतात.