नागपूरहून एकट्यानं गाडी घेऊन लांब निघताय? या चुका टाळा

देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या झिरो माइलवाल्या गावात राहतो म्हणून आपल्याला देशातलं कोणतंही टोक गाडीनं जवळच वाटतं, आणि ते अगदीच खोटं पण नाही. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा 44 नंबरचा हायवे आपल्या गावातून जातो, सुरतकडून येणारा 53 नंबर पुढे रायपूरकडे निघतो, आणि मुंबईकडे जाणारा समृद्धी एक्सप्रेसवे तर 5 जून 2025 पासून थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत, पूर्ण 701 किलोमीटर सुरू झालाय. रस्त्याची तक्रार काही उरली नाही. गडबड होते ती संध्याकाळी सात वाजता, जेव्हा दिवसभर एकट्यानं गाडी चालवून डोकं पार बधिर झालेलं असतं आणि तेव्हा माणूस मोबाईल काढून आज कुठं थांबायचं ते पाहत बसतो. बाजूच्या सीटवर बस झालं आता म्हणणारं कोणी नसतं. त्यामुळे मुक्काम कुठे, किती वाजता, हे सगळं घरी बसून, पोट भरलेलं असताना ठरवून टाका.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे किलोमीटरचा हिशोब. बंगलोर अकराशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस, रोजचे साडेपाचशे, झालं! कागदावर बरोबर आहे पण निघायच्या दिवशी नारळ, लिंबू, चहा, शेजारच्या काकूंचे प्रश्न, हवा, पेट्रोल असं करता करता दहा वाजतात आणि मग पाचशे किलोमीटरवरचं हैदराबाद बरोबर ऑफिस सुटायच्या ट्रॅफिकमध्ये गाठतं. पहाटे पाचला निघालात तर हाच टप्पा दुपारी आरामात संपतो. उशीर झालाच तर हट्ट सोडा, निर्मल किंवा कामारेड्डीला थांबा, उरलेलं उद्या. आणि हैदराबादच्या पोटात कशाला शिरायचं, मेडचलजवळ आउटर रिंग रोड पकडायचा, शमशाबादला उतरायचं, तिथे एअरपोर्टमुळे हॉटेलं भरपूर आहेत आणि सकाळी बंगलोरचा रस्ता समोरच असतो. एकट्यानं चालवताना दिवसाला 450-500 च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, कोणी आठशे मारतो म्हणतो त्याला मारू द्या.

आता हॉटेल, कारण खरी गंमत इथेच आहे. ॲपवर पार्किंग अव्हेलेबल लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बऱ्याचदा हॉटेलसमोरचा रस्ता एवढाच असतो. म्हणून बुक करण्याआधी एक फोन कराच आणि सरळ विचारा, पार्किंग आत आहे का, रात्री गेट लागतं का, वॉचमन असतो का, आणि रात्री नऊपर्यंत पोचलो तर रूम ठेवाल का. जुन्या गावातलं बसस्टँडजवळचं लॉज स्वस्त पडतं पण गल्लीत गाडी वळवता वळवता जीव जातो, त्यापेक्षा बायपासवरचं दोन-तीनशे जास्त देऊन परवडतं. पैसे देण्याआधी रूम पाहायला मागा, यात लाजण्यासारखं काही नाही, कडी नीट लागते का, बाथरूमचा नळ चालतो का, एवढं तरी पाहा. बायका एकट्या जात असतील तर रिसेप्शनला रूम नंबर मोठ्यानं ओरडून सांगणारं हॉटेल आणि आतून कडी न लागणारी रूम, दोन्ही तिथल्या तिथे बदलून मागावं, आणि बुकिंगच्या आधी एकट्या बाईला रूम देता का हेही फोनवरच विचारून घ्यावं, कारण काही ठिकाणी ऐनवेळी नाटकं करतात.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते सकाळी. पहाटे पाचला बॅग घेऊन खाली उतरलात तर रिसेप्शनवाला सोफ्यावर घोरत असतो, गेटला कुलूप, आणि तुमच्या गाडीमागे वऱ्हाडाची ट्रॅव्हलर लावलेली! पहाटे निघायचा सगळा प्लॅन तिथेच बोंबलतो. म्हणून रात्रीच बिल चुकतं करा, गाडीचं तोंड गेटकडे करून लावा, आणि वॉचमनला सांगून ठेवा की दादा मी पाचला निघणार, मागे कोणाला लावू देऊ नका. पन्नास रुपये आधीच दिले तर तो जास्त नीट लक्षात ठेवतो. आणि हो, रात्री गाडीत बॅग, लॅपटॉप काही दिसेल असं ठेवू नका.

झोपेचं सांगतो. समृद्धीवर वळणं नाही, गाव नाही, सिग्नल नाही, त्यामुळे डोळे उघडे राहतात आणि डोकं झोपतं. कारला तिथे 120 ची लिमिट आहे, त्या स्पीडला गाडी सेकंदाला 33 मीटर जाते, म्हणजे तीन सेकंद डुलकी लागली तर शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नाहीये. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, हे सगळं पाच-दहा मिनिटांचं सोंग आहे. जांभया सुरू झाल्या की पुढच्या पेट्रोलपंपावर आत घ्या (साईडपट्टीवर अजिबात थांबायचं नाही), कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं सीट मागे करून झोपा, कारण कॉफीचा असर व्हायला तेवढा वेळ लागतोच. दुपारी दोन ते चार आणि पहाटेच्या आधीचे तास सगळ्यात वाईट. जेवण पण तसंच, सावजी मटण हाणून पुढे तीनशे किलोमीटर चालवू म्हणणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार, सावजी रात्री मुक्कामाला पोचल्यावर खा बापा. बुलेटवाल्यांनो, समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे, उगाच एंट्रीपर्यंत जाऊन परत येऊ नका.

जबलपूरकडे जाणाऱ्यांनी पेंचच्या जंगलाचा पट्टा उजेडात पार करावा. हायवेखालून जनावरांसाठी मार्ग केलेले आहेत, पण तो पट्टा संपल्यावर पावसाळ्यात गाई-म्हशी कोरड्या डांबरावर येऊन बसतात, आणि काळी म्हैस रात्री डिप्पर लाईटमध्ये अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. जंगलात मोबाईलची रेंज पण जाते, म्हणून मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. घरच्यांना दर तासाला फोन करायची गरज नाही, तीन गोष्टी सांगा, आज मुक्काम कुठल्या गावी, हॉटेलचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर काळजी करायची. नाहीतर आई साडेचारलाच पोचला का म्हणून सुरू होते.

पंक्चरची तयारी म्हणजे स्टेपनी आहे एवढं माहीत असणं नाही. स्टेपनीत हवा किती आहे? बऱ्याच गाड्यांमध्ये ती बसून गेलेली असते. सर्व्हिस सेंटरला मशीननं नट असे आवळतात की हायवेवर हातानं हलत नाहीत, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी घरासमोर एकदा चाक काढून लावून पाहा, पान्हा पुरत नसेल तर लांब दांड्याचा घ्या. स्टेपनी बारकी असेल तर तिच्यावर 80 च्या वर जायचं नाही आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबायचं. टायरवर चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा, त्यावरून वय कळतं. हवा सकाळी टायर थंड असताना चेक करा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून काढून टाकायची चूक खूप जण करतात, ती करू नका. इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. रस्त्यात बंद पडलीच तर गाडीत बसून न राहता क्रॅश बॅरियरच्या पलीकडे उभं राहा आणि नॅशनल हायवेवर 1033 ला फोन करा, बाकी कुठंही 112 ला.

फास्टॅगचं छोटंसं. त्याचा वार्षिक पास फक्त नॅशनल हायवे आणि नॅशनल एक्सप्रेसवेवर चालतो, समृद्धीवर नाही, तिथे टॅगमधून वेगळे पैसे कटतात, तर बॅलन्स ठेवा. शंभर-दोनशेच्या थोड्या नोटा पण ठेवा, रेंज नसली की यूपीआय गेलं.

परतीच्या दिवशीचा उत्साह मात्र सगळ्यात वाईट. हैदराबादकडून येताना वडकी मागे पडलं की माणसाला घर दिसायला लागतं, हिंगणघाटपासून तर फक्त तास-सव्वा तासाचं अंतर म्हणून चहासुद्धा न घेता लोक सुटतात, आणि पुढे बुटीबोरीला एमआयडीसीचे ट्रक कुठूनही रस्त्यावर येत असतात, मागचे लाईट बंद असलेले. रात्री अकरा वाजले असतील आणि डोळे चुरचुरत असतील तर हिंगणघाटलाच रूम घ्या. घरचे म्हणतील पंच्याहत्तर किलोमीटरसाठी कोणी लॉज करतं का, तर करतं.